लेस्लीची स्वस्त बंदूक

बुसैतीन, ३ ऑगस्ट २०२५

झेवियर भावोजी,

तुमचा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा काय म्हणताय ते कळावं म्हणून. दुसऱ्यांदा, खरंच असं म्हणालात का याची खात्री करावी म्हणून.

मी बोलून उत्तर पाठवणार नाही. मागच्या वेळी माझा आवाज तुम्ही जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवलात, तुमच्या जॅकलीनच्या बहिणीसकट. म्हणून कागदावर लिहिते आणि फोटो काढून पाठवते. तुमच्या मुलांना मराठी वाचता येत नाही याचा मला पहिल्यांदाच उपयोग होतोय.

तर एलरॉयला तुम्ही बंदूक घेऊन देणार. "अगं एडना, बापाविना पोर आहे, मी नाही तर कोण बघणार?" पोर तेवीस वर्षांचं आहे, भावोजी. तुमच्या सास्काटूनच्या थंडीत सुपरमार्केटमध्ये खोकी उचलून स्वतःची फी भरतं. बंदुकीचा कोर्स त्यानं स्वतः केला, लायसन्स स्वतः काढलं. रानबदकं मारायची हौसही त्याची स्वतःचीच. मला ती आवडत नाही, पण मी अडवलं नाही. त्याच्या बापालाही अडवलं नव्हतं. सीझन एक सप्टेंबरला उघडतो, हेही त्यानंच सांगितलं. तुमच्या मेसेजमध्ये तारीख नव्हती, किंमत होती.

इटालियन बंदूक. वीस बोअर. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि बाजूला चांदीत कोरलेलं बदक. म्हणजे ज्याला मारायचं त्याचंच चित्र, एखाद्यानं कोंबडीच्या सुरीवर कोंबडी काढून घ्यावी तसं. दुकानदारानं तुम्हाला बरोबर ओळखलं म्हणायचं. घरं विकणाऱ्या माणसाला कोणी तरी दर्शनी भाग विकला.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण शेवटी तुम्ही म्हणालात, "या वेळी स्वस्तातलं नको गं. स्वस्ताईपायी एकदा आपल्या घरातला हात गेलाय."

हे वाक्य मी तुमच्या तोंडून तिसऱ्यांदा ऐकतेय. पहिल्यांदा अपघातानंतर फोनवर. दुसऱ्यांदा वसईला, माझ्या लेस्लीच्या अंत्यविधीच्या मिस्साच्या वेळी, वेदीजवळ उभं राहून, माईक हातात घेऊन. "माझ्या भावानं आयुष्यभर दिनार वाचवले. बंदुकीतसुद्धा वाचवले, आणि तिथेच फसला." सगळा गाव च्च च्च करत होता. माझ्या मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "किती मनमोकळं बोलतात हो थोरले!" शवपेटी समोर होती. मी गप्प बसले, कारण पेटीसमोर भांडत नाहीत. तुम्ही बोललात, कारण पेटीतून कोणी उत्तर देत नाही.

आता मी उत्तर देते. लेस्लीनं बंदूक कशी निवडली ते तुम्हाला माहीत नाही. पैसे त्यानं पाठवले होते, कागदावर नाव फक्त तुमचं लागलं, कारण लायसन्स तुमच्याकडे होतं. तुमच्याकडे येण्याआधीचा पूर्ण उन्हाळा तो इथे आखातात, सित्र्याच्या कंपनी बसमध्ये एक जाडजूड जुनं पुस्तक वाचत होता, पक्ष्यांच्या शिकारीच्या बंदुकांवरचं. बसमधली माणसं त्याला चिडवायची, कुणाला उडवणार म्हणून. तो गेल्यावर ते पुस्तक मी वाचलं. डिक्शनरी शेजारी घेऊन, कव्हर टू कव्हर. मी काही शिकलेली नाही हे तुम्ही चारचौघांत सांगत असता, पण वाचता येणाऱ्या बाईला रिकामं घर मिळालं की ती काय काय वाचते, हे तुम्हाला ठाऊक नाही.

त्या पुस्तकात पहिली गोष्ट किमतीची नाहीच. पहिली गोष्ट मापाची. डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि डोळे उघडायचे. नजर सरळ नळीवरून गेली तर बंदूक तुमची. मान वाकडी करावी लागली तर ती दुसऱ्या कुणाची तरी, मग तिच्यावर चांदीचं बदक असो की सोन्याचा मोर. लेस्ली हसला होता हे वाचून. "एडना, वायोलिन असंच घेतात."

दुसरी गोष्ट वजनाची. हलकी बंदूक खांद्याला बरी, पण झाडल्यावर लाथ मारते. थोडी जड असलेली बरी. तिसरी गोष्ट, तुमच्याकडे पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे चालत नाहीत, पोलादी लागतात. नळी त्यासाठी तपासलेली आहे असा शिक्का तिच्यावर हवा. चौथी, मोडली तर जवळपास दुरुस्त होते का, चाप, कमान मिळते का. आणि जितकी साधी तितकी बरी. लेस्लीनं हे सगळं बघून तुर्कस्तानात बनलेली, एकावर एक नळ्यांची बारा बोअरची दुनळी निवडली. शिक्का होता. स्वस्त होती हे खरं. पण स्वस्त म्हणून निवडली नव्हती. आणि अपघाताआधीचे दोन दिवस तिनं तक्रार न करता काम केलं, हे तुम्हीच फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं: "छोटू शार्पशूटर".

एलरॉयला घ्यायचीच तर तीच घ्या. बारा बोअर. तुमची स्वतःची बारा, त्याचीही बारा. वीस कशासाठी, ते मला कळवा.

एडना


बुसैतीन, १४ ऑगस्ट

झेवियर भावोजी,

तुमचं उत्तर मिळालं. चार ओळी आणि एक हसरं तोंड. "बायकांनी बंदुकीत पडू नये. वीस बोअर हलकी, नवख्याला बरी. शिवाय घरची रीत आहे, काडतुसं माझ्या बॅगेत असतील. डोन्ट वरी."

त्या हसऱ्या तोंडाकडे मी बराच वेळ पाहिलं. तुमच्यासारखंच दिसतं.

घरची रीत मला माहीत आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी स्वतः सांगितली होती. त्यांची जुनी एकनळी, खाजणातली बदकं, आणि तुम्ही दोघं हाफ पँटमधले भाऊ. थोरल्याच्या गळ्यात काडतुसांची पिशवी आणि धाकट्याच्या हातात बंदूक. एकाकडे दोन्ही कधी द्यायचं नाही, म्हणजे कुणी एकटा मूर्खपणा करणार नाही. धाकट्यानं हात मागे करायचा, थोरल्यानं त्यात काडतूस ठेवायचं. धाकट्यानं वळून बघायचं नाही, नजर पाण्यावर. सासरे म्हणायचे, भावाच्या हातातलं बघून घेतात का? पप्पांची रीत त्या घरासाठी चांगली होती. त्या घरात बंदूक एकच होती.

मागच्या आठवड्यात एलरॉयचा फोन आला. तो मराठीत ऐकतो आणि इंग्रजीत बोलतो, तुमची मुलं ऐकतही नाहीत. त्याला तुमच्या रीतीचं फार कौतुक वाटतंय. "मम्मी, इट्स सो कूल. अंकल हॅण्ड्स यू द शेल, यू डोन्ट इव्हन लुक." मी म्हटलं, "तू बघ." तो म्हणाला, "रिलॅक्स मम्मी, अंकल लहानपणापासून करतायत." हे त्यानं मराठीत म्हटलं, म्हणजे मला समजावत होता.

मग गप्पांच्या ओघात तो कोर्सबद्दल सांगायला लागला. काय काय पाठ करून घेतात, म्हणाला. त्यातलं एक त्याला गमतीचं वाटलं होतं. वीस बोअरची काडतुसं कारखान्यातून पिवळीच येतात. बारा बोअरची लाल, हिरवी, काळी, कशीही. पिवळं मात्र वीसचं. लहान मुलालासुद्धा कळावं म्हणून. आणि दोन्ही एका खिशात कधी ठेवायची नाहीत. मी विचारलं, ठेवली तर? तो म्हणाला, "बॅड थिंग्ज, मम्मी," आणि त्याची शिफ्ट सुरू झाली.

पुस्तकात हे होतं. मी वाचलंही होतं. पण डिक्शनरीनं वाचलेलं कधी कधी डोळ्यांपर्यंतच पोहोचतं. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

आमची घरमालकीण सुहा वरच्या मजल्यावर राहते. तिचा भाऊ दर थंडीत परदेशी शिकारीला जातो, लायसन्सवाला आहे. मी तिला म्हटलं, मला तुझ्या भावाची बंदूक बघायचीय. ती म्हणाली, "का गं? बाल्कनीतली कबुतरं फार झालीत?" मग माझं तोंड बघून तिनं लगेच फोन लावला.

तो शुक्रवारी आला. पोट सुटलेला, अत्तर लावलेला, बोलघेवडा माणूस. सुहाच्या दिवाणखान्यात गालिच्यावर चादर पसरून त्यानं पेटी उघडली. बार नसलेली, सरावाची दोन काडतुसं काढली. एक लाल, एक पिवळं. बारा बोअरची बंदूक मध्ये दुमडून उघडली आणि मला म्हणाला, "शूफ, मदाम, बघ." पिवळं, म्हणजे वीसचं, काडतूस त्यानं नळीत सोडलं; आकडा मोठा, पण ते बाराच्यापेक्षा बारीक. ते घसरत आत गेलं आणि बोटभर अंतरावर, जिथे नळी अरुंद होते तिथे, जाऊन बसलं. बाहेर पडलं नाही. पुढे गेलं नाही. त्यानं बंदूक बंद केली.

"आता चाप ओढ."

मी ओढला. टिक्.

"काय झालं?"

"काही नाही झालं."

"तू काय म्हणशील? अरे, काडतूस घालायलाच विसरलो! उघडून बघ."

मी बघितलं. जिथे काडतूस असतं ती जागा रिकामी. पिवळं पुढे, अंधारात. त्यानं लाल काडतूस माझ्या हातात दिलं. "घाल. यल्ला." ते मस्त बसलं. बंदूक सहज बंद झाली. मग त्यानं माझा डावा हात धरून नळीखाली ठेवला, जिथे माणूस बंदूक तोलून धरतो तिथे. वर बोट दाखवलं. नळीत पिवळं जिथे अडकलं होतं ती जागा नेमकी माझ्या बोटांवर होती.

"मागचं काडतूस उडणार, पुढे रस्ता मफी, नाहीच. खलास. बंदूक हजार दिनारची असो की शंभरची, नळी फुटणारच. लोखंड किंमत विचारत नाही, मदाम."

सुहा म्हणाली, "बस कर, तिचा हात सोड." मी म्हटलं, "राहू दे."

तर माझा एक साधा प्रश्न आहे, भावोजी. बावीसच्या ऑक्टोबरमध्ये, त्या दिवशी, कापलेल्या गव्हाच्या शेतात तुम्ही तिघं गेलात. जॅकलीन थर्मास घेऊन सोबत आली होती, एवढंच मला माहीत आहे. तिची ती छोटी बंदूक तिनं बरोबर आणली होती का? तीही वीस बोअरचीच ना?

हो किंवा नाही. हसरं तोंड नको.

एडना


बुसैतीन, २२ ऑगस्ट

झेवियर,

माझी दोन्ही पानं तुम्ही वाचलीत, निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. त्याऐवजी तुम्ही ग्रुपवर बायबलचं वचन टाकलंत, आणि पाठोपाठ कुणाच्या तरी नव्या स्वयंपाकघराचा व्हिडिओ.

प्रश्न मी मागे घेते. उत्तर माझ्याकडेच होतं. गेली तीन वर्षं माझ्या फोनमध्ये आहे.

जॅकलीननं त्या पहाटे काढलेला फोटो. तुमच्या गाडीचं मागचं दार उघडं, वरून दिवा. लेस्ली बंदूक उघडी करून दंडावर टाकून उभा. टोपी कानांवर, नाक लाल, दात काढून हसतोय. डावा हात पूर्ण दिसतो. पाचही बोटं असलेल्या त्या हाताचा हा शेवटचा फोटो. मी तो रोज बघते. कामावर लिननच्या खोलीत चादरी मोजून झाल्या की कपाटाला टेकून बघते. रोज बघते आणि रोज एकच बघते, त्याचा चेहरा. त्याच्या बाजूला तुम्ही आहात, पोट आत घेऊन. तुमच्या खांद्याला पिशवी आहे. तिचं तोंड उघडं आहे.

परवा मी पहिल्यांदा फोटो पिशवीपाशी मोठा करून बघितला. लाल काडतुसं आहेत. त्यांच्यात पिवळी आहेत. मोजायची गरज नाही. एक पुरतं.

आता मी सांगते काय झालं ते, आणि तुम्ही एकदा तरी मला मध्ये तोडू नका.

उजाडायच्या आधी तुम्ही आडोशात बसलात. बोटांना हातमोजे. बंदुका एकाहून जास्त, मापं दोन आणि पिशवी एक, कारण घरची रीत. लेस्लीनं हात मागे केला. तुम्ही पिशवीत न बघता हात घालून जे लागलं ते दिलंत. त्यानं न बघता घेतलं, कारण भावाच्या हातातलं बघून घेत नाहीत. पक्षी आले. त्यानं चाप ओढला. टिक्.

हे टिक् मला लेस्लीनं स्वतः सांगितलं होतं. हात बँडेजमध्ये गुंडाळलेला, इथल्या दवाखान्याच्या बाकावर बसून, हसत सांगितलं होतं. "पहिल्यांदा नुसतंच टिक्. भाऊ म्हणाला, अरे गाढवा, काडतूस घालायचंच राहिलं तुझं! मला शपथेवर वाटत होतं मी घातलं. पण उघडलं तर रिकामं. म्हातारा होत चाललोय मी, एडना." मग तुम्ही दुसरं दिलंत. लाल.

तो शेवटपर्यंत समजत राहिला की डोकं त्याचंच ठिकाणावर नव्हतं. तीन बोटं गेली. चर्चच्या क्वायरमध्ये वायोलिन होतं, ते गेलं. पेटी कपाटावर ठेवली, कुणाला द्यायची नाही म्हणाला आणि उघडायचीही नाही म्हणाला. कंपनीत त्याला प्लँटवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. आणि तो गॅस बंद केला का हे तीन तीनदा बघायला लागला. दाराला कुलूप लावलं का हे जिना चढून परत बघायला लागला. आपण विसरतो, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. न विसरणारा माणूस दीड वर्ष स्वतःला तपासत राहिला, आणि मग एका सकाळी हृदयानं थांबून घेतलं. मला डॉक्टर म्हणाले, ब्लॉकेज. असेल. त्याच्या मरणाचा आळ मी तुमच्यावर घेत नाही. मी वाचते, त्यामुळे जे सिद्ध होत नाही ते लिहीत नाही. पण ते दीड वर्ष तुमचं आहे.

आणि तुम्हाला कधी कळलं? त्याच दिवशी कळलं. शिकारखात्याच्या माणसाला तुम्ही सांगितलंत, नळीत चिखल गेला असेल. लेस्लीच्या समोर सांगितलंत, म्हणून मला माहीत. वसईला सांगितलंत, बंदूक स्वस्त होती. सरकारला चिखल आणि गावाला स्वस्ताई. खरं ज्याला ठाऊक असतं त्यालाच दोन खोटी लागतात. फुटलेली बंदूक तुम्ही भंगारात देऊन टाकलीत. आणि मिस्सानंतर जॅकलीन मला स्वयंपाकघरात म्हणाली, "माझी छोटी बंदूक ह्यांनी त्याच आठवड्यात विकून टाकली. मन लागत नाही म्हणाले." तेव्हा मला वाटलं, बघा, भावाचं किती दुःख. मी तुम्हाला चहासुद्धा नेऊन दिला होता.

तुमची बारा बोअर विकली नाहीत. तिच्यात मन लागलं.

चूक कुणाच्याही हातून होते. अंधार होता, हातमोजे होते. तेवढंच असतं तर त्याच संध्याकाळी मी तुमच्यासाठीही प्रार्थना केली असती. पण तुम्ही तुमची चूक त्याच्या कंजूषपणात गुंडाळलीत आणि त्याच्या शवपेटीवर ठेवून टाळ्या घेतल्यात. आता त्याच पोराला वीस बोअर घेऊन देताय, स्वतः बारा घेणार, आणि पिशवी पुन्हा तुमच्या गळ्यात. तुम्ही दुष्ट असतात तर मी घाबरले असते. तुम्ही फक्त दिखाऊ आहात. तुम्हाला चांदीचं बदक दिसलं, आणि त्यापुढे मागचं काही आठवेनासं झालं.

एलरॉयला मी दोनदा सांगितलं, बारा घे, काडतुसं स्वतःच्या खिशात ठेव. तो म्हणाला, "मम्मी, यू हेट अंकल." म्हणजे माझ्याकडून त्याला पटणार नाही. मी सगळं सांगितलं तर म्हणेल, आईनं डॅडीच्या दुःखात फोटोत रंग पाहिले. तो तुमच्या हाताकडे न बघता हात मागे करेल, त्याच्या बापासारखा. तुमच्याकडून ऐकलं तरच बघायला शिकेल.

म्हणून तुम्ही सांगायचं. फोनवर नाही, समोर. शिकारीला निघायच्या आधी. काय घडलं, पिशवी कुणाची होती, आणि नंतर तुम्ही काय सांगत फिरलात. तिन्ही. जॅकलीनलाही वाचून दाखवा, तिला मराठी येतं. गुरुवारपर्यंत एलरॉयचा मला फोन आला नाही, तर हा फोटो मी तुमच्या पिशवीभोवती गोल करून त्याला पाठवीन, आणि त्याच्या कोर्सच्या मास्तरलाही. मास्तरला मराठी लागत नाही. पिवळा रंग त्याला कळतो.

एडना


बुसैतीन, २ सप्टेंबर

झेवियर,

गुरुवारी फोन आला. उशिरा आला, पण गुरुवारीच आला.

त्यानं जे सांगितलं ते मी लिहिते, म्हणजे तुम्ही इतरांना सांगाल तेव्हा मापात राहाल. तुम्ही त्याला बंदुकीच्या दुकानासमोर नेलंत. गाडी थांबवलीत, इंजिन चालू ठेवलंत आणि समोरच्या काचेकडे बघत बोललात. तो म्हणाला, "ही सेड इट वॉज हिज बॅग, मम्मी." मग त्यानं तुम्हाला एकच विचारलं. डॅडीला माहीत होतं का? तुम्ही नाही म्हणालात. मग तुम्ही रडलात, असं तो म्हणाला. मी विचारलं, तू काय केलंस? तो म्हणाला, "आय वेंट इन."

तुम्ही गाडीत बसून राहिलात. तो एकटा दुकानात गेला. दुकानदारानं आधी ती इटालियनच पुढे केली, तुम्ही सांगून ठेवलेली. ह्यानं ती हातात घेतली, डोळे मिटले, खांद्याला लावली. मान वाकडी झाली म्हणाला. "मम्मी, आय हॅड टू लुक फॉर द बॅरल." मग तुर्की दुनळी मागितली. बारा बोअर, बापाचीच, नवी. डोळे मिटून लावली, उघडले, आणि नळी सरळ समोर होती. पैसे स्वतःचे दिले. दुकानदार म्हणाला, पहिली बंदूक म्हणून चांगली, साधी आहे, आयुष्यभर टिकेल. एलरॉय म्हणाला, "आय नो."

त्याला मी डोळे मिटायचं कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी बापाला दुकानात वायोलिन घेताना बघितलं होतं, तेवढंच.

काल पहिल्या दिवशी त्यानं तुम्हाला बरोबर नेलं. मी नेलं नसतं. मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "ही कॅन कॅरी द थर्मास." काडतुसं त्याच्या खिशात, प्रत्येक बाहेर काढून उजेडात धरून बघितलेलं. तुमच्या खांद्याला पिशवी नाही. दोन बदकं मिळाली म्हणे, आणि साफ करायला तुम्ही मदत केलीत. बरं. एवढा उपयोग असू द्या.

तुमचा मेसेजही मिळाला. लांबलचक आहे. "एडना, मला माफ कर, मी भेकड निघालो" वगैरे. त्यात "मी" हा शब्द इतक्या वेळा आलाय की लेस्लीला जागाच उरली नाही. माझ्याकडे माफी मागू नका, हात माझा नव्हता.

नोव्हेंबरात तुम्ही भाचीच्या लग्नाला वसईला जाताय. तिकिटं काढलीत हे ग्रुपवर टाकलंय, बिझनेस क्लासच्या फोटोसकट. दोन तारखेला मृतांचा दिवस आहे. संध्याकाळी सगळा गाव कबरस्तानात मेणबत्त्या घेऊन येतो, तुम्हाला माईकही लागणार नाही. लेस्लीच्या कबरीजवळ उभं राहायचं. मागच्या बाकावरची ती बाईही असेल, ती कुठेही असतेच. मोठ्यानं सांगायचं. बंदूक चांगली होती. काडतूस माझ्या हातातलं होतं. तो काही विसरला नव्हता. मराठीत सांगा. इंग्रजीत तुम्ही फार छान बोलता.

शेवटचं वाक्य पहिलं सांगितलंत तरी चालेल. त्याला तेच ऐकायचं आहे.

मी ते बघायला येणार नाही. माझी रजा संपत आलीय आणि उरलेली तुमच्यावर घालवायची नाही. एलरॉय येणार आहे, तो ऐकेल आणि मला शब्दन् शब्द सांगेल.

मी इथे माझ्या कामावर असेन. आज दुपारीही चादरी मोजून झाल्यावर कपाटाला टेकले आणि फोन उघडला. त्याचा चेहरा तिथेच आहे, टोपी, लाल नाक, दात. पण मी फोटो उघडते आणि माझी नजर आधी पिशवीत जाते. मग पिवळ्यावर. मग कुठे त्याच्यावर. मी तिला ओढून परत आणते, ती पुन्हा जाते. तीन वर्षं ती सरळ त्याच्यावर जायची.

तेवढंही तुम्ही नेलंत.

एडना